आधीपासून राखलेला दाखला

सोनालीचा शाळा सोडल्याचा दाखला घरात आला त्या दिवशी सुकदेवने आधी हात धुतले, ते टॉवेलला पुसले, पुन्हा एकदा सदऱ्याला पुसले आणि मगच तो कागद हातात घेतला. सुरतेतल्या लिंबायतच्या त्या दोन खोल्यांत देवाच्या तसबिरीलाही एवढी सोवळी वागणूक कधी मिळाली नव्हती. मंगलाबाई लोणच्याच्या कैऱ्या फोडत बसल्या होत्या. नवऱ्याचा हा थाट बघून त्यांचा अडकित्ता हवेतच थांबला.

सत्त्याण्णव सालचा जून होता. सोनाली दहावीला शाळेत पहिली आली होती आणि जळगावच्या कॉलेजात अकरावी सायन्सला जाणार होती. तिथे मावशी होती, मुलींचं वसतिगृह होतं आणि पुस्तकं इंग्रजी असली तरी समजावून मराठीत सांगत. यादीत तिचं नावही लागलं होतं. आता तीस जूनच्या आत कागद दाखवले की झालं.

सुकदेवला कागदाची धास्ती होती आणि तिला कारणही होतं. त्याचा स्वतःचा सातवीचा दाखला गावाकडे वाळवीने खाल्ला होता. पलसाण्याच्या ज्या डाइंग मिलमध्ये तो वॉचमन होता, तिथे एकदा ऑफिसात कारकुनाची जागा निघाली. शेटजी म्हणाले, ‘शिकलाय म्हणतोस ना, मग दाखला आण.’ दाखला वाळवीच्या पोटात. सुकदेव राहिला गेटवरच. सोळा वर्षं तो गेटवर उभा होता. येणाऱ्या कापडाच्या प्रत्येक ताक्याच्या, म्हणजे ताग्याच्या, कोपऱ्यावर काळ्या पेनने लॉट नंबर टाकायचा आणि ताका आत सोडायचा, एवढंच त्याचं लिहिणं.

“सोनी, आठे खाल काय लिखेल शे?” दाखल्याच्या तळाशी इंग्रजीत छापलेल्या ओळीवर बोट न टेकवता, जरा वरूनच ते फिरवत त्याने विचारलं.

“प्रिझर्व्ह धिस सर्टिफिकेट केअरफुली,” सोनालीने वाचलं. घरात सगळे अहिराणी बोलत, पण कागदावरचं काही सांगायचं झालं की ती शाळेतल्या मराठीत शिरायची. “म्हणजे हा दाखला नीट जपून ठेवा.”

“एवढंच? एवढा मोठा शब्द आनि एवढाच अर्थ?”

सोनालीला इंग्रजीच्या बाईंनी निरोपाच्या दिवशी आपली जुनी, उशीएवढी जाड डिक्शनरी दिली होती. ती काढायला तिला निमित्तच हवं असायचं. तिने मांडी घालून ‘प्रिझर्व्ह’चं पान शोधलं.

“चार अर्थ आहेत, अप्पा. पहिला, धोक्यापासून राखणं. दुसरा, मीठ नाही तर साखर घालून एखादी वस्तू कुजू न देता टिकवणं. तिसरा, मुरंबा.”

“मुरंबा?” मंगलाबाईंनी फोडीवरची कोय उडवली. “दाखला बी तोच आनि मुरंबा बी तोच?”

“हो गं माय. आणि चौथा, राजाचं राखीव रान. शिकारीचं. तिथे दुसऱ्या कोणी पाऊल टाकायचं नाही.”

“तठे राखनदार ऱ्हात व्हई,” सुकदेव हळूच म्हणाला.

“आता गंमत ऐका. शब्द आला कुठून, तर लॅटिनमधून. त्याचे दोन तुकडे आहेत. ‘प्रे’ म्हणजे आधी. आणि ‘सेर्व्हारे’ म्हणजे राखणं, नजर ठेवणं, पहारा करणं.”

“काय करनं?”

“पहारा, अप्पा.”

सुकदेव उभाच राहिला. सोळा वर्षांत त्याच्या कामाला कोणी ‘काम’ म्हटलं नव्हतं. कलर मास्तर रंग करायचा, फोल्डिंगवाला घडी करायचा, आणि सुकदेव? सुकदेव बसायचा. आणि इथे उशीएवढ्या इंग्रजी पुस्तकात, मुरंब्याच्या आणि राजाच्या रानाच्या शेजारी, पहारेकरी लपून बसला होता.

“आधीपासून पहारा,” तो पुटपुटला. “चोर येवाना आधी. वाळवी येवाना आधी. कितला जुना शब्द शे हा?”

“दोन हजार वर्षं तरी.”

“म्हंजे दोन हजार वर्षं आधी बी कोनीतरी गेटवर उभा व्हता,” सुकदेव म्हणाला, आणि भारावल्यासारखा दाराबाहेर जाऊन उगाचच गल्लीत दोन्ही बाजूंना बघून आला.

दुसऱ्या दिवशी सकाळी ड्युटीवर जाण्याआधी तो दाखला घेऊन उधना दरवाजाजवळच्या लॅमिनेशनच्या दुकानात हजर झाला. हे यंत्र त्याने लांबून पाहिलं होतं, जवळून नाही. एका फटीतून कागद आत गेला आणि दुसऱ्या फटीतून गरम, गुळगुळीत, चकाकता दाखला बाहेर आला.

“काका, हवे सो वरस कंई नहीं थाय,” दुकानदार म्हणाला. “पाणीत नाखो, तोय नहीं.”

शंभर वर्षं! पाण्यात टाकला तरी! वाळवीने आता दात लावून बघावंच, असं सुकदेवला वाटून गेलं. मात्र तो नुसता शंभर वर्षांवर समाधान मानणारा माणूस नव्हता. आधीपासून पहारा म्हणजे सगळ्या वाटांवर पहारा. गेटमधून चिठ्ठीशिवाय ताका सोडायचा नाही, हा त्याचा सोळा वर्षांचा नियम. म्हणून यंत्रात घालण्याआधीच त्याने दाखल्याच्या मागच्या कोऱ्या बाजूला एक चिठ्ठी ठेवायला लावली होती. ‘सापडल्यास पुढील पत्त्यावर आणून द्यावे ही विनंती’, खाली स्वतःचं नाव, गल्ली, खोली नंबर. तेच गुजरातीतही, दुकानदाराच्या अक्षरात.

घरी सोनालीने दाखला पाहिला आणि तिचा चेहरा उतरला. तिच्या हातात त्याच दिवशी आलेलं मावशीचं पत्र होतं, सोबत कॉलेजची सूचना.

“अप्पा, हे काय केलंत? दाखला गुजरातचा आहे ना. महाराष्ट्रात चालायला त्याच्या मागच्या बाजूला इथल्या शिक्षण कचेरीतल्या साहेबांची सही आणि शिक्का लागतो.”

“मंग घीऊ सही. काय व्हयनं?”

सोनालीने काही न बोलता बॉलपेन घेतलं आणि प्लास्टिकच्या कोपऱ्यावर एक रेघ ओढली. रेघ उठलीच नाही. तिने शाईचं पेन आणलं. शाईचा एक टपोरा थेंब दाखल्यावरून घरंगळत मंगलाबाईंच्या निवडलेल्या मोहरीत जाऊन पडला.

“सोनालीना बाप,” मंगलाबाई म्हणाल्या, “आते करा पहारा!”

आता प्लास्टिक काढणं आलं. मंगलाबाईंनी इस्त्री तापवली. एक कोपरा जरासा वळला आणि कागदाचा पापुद्रा घेऊनच वर येऊ लागला, तेव्हा सुकदेवने ओरडून इस्त्रीची वायर उपटली. दुसऱ्या दिवशी तो दाखला मिलच्या लॅबमध्ये घेऊन गेला. लॅबवाला योगराज कपड्यावरचा कसलाही डाग काढून द्यायचा. त्याने कोपऱ्यावर चार बाटल्यांतले चार थेंब टाकून पाहिले. एका थेंबाने टेबलावरचा सनमायका उडाला, एकाने योगराजच्या रुमालाला भोक पडलं. दाखला होता तसा चमकत राहिला.

“सुकदेवदादा,” योगराज आदराने म्हणाला, “हे कापडाला लावता आलं असतं ना, तर कापड कधी विटलंच नसतं आणि मिल बंद पडली असती.”

सुकदेवला क्षणभर अभिमान वाटला, आणि लगेच त्याने बोटांवर दिवस मोजले. आठ दिवस उरले होते.

तो शाळेत गेला. हेडक्लार्क सुपडूभाऊ हे नियमाचे पक्के होते. त्यांनी चष्मा कपाळावर नेऊन दाखला उजेडात धरला.

“झकास झालाय हो.”

“भाऊ, दुसरा द्या ना.”

“दुसरा कधी देतात? हरवला तर. पोलिसात तसं लिहून द्यायचं, त्यांची चिठ्ठी आणायची, चार दिवसांत दुसरा देतो. हा हरवलाय का?”

“नाही.”

“फाटलाय? जळलाय? भिजून अक्षर गेलंय?”

“नाही.”

“मग कसा देणार? इतका सुखरूप दाखला मी नोकरीत पाहिला नाही.” सुपडूभाऊंनी तो परत केला आणि मग आवाज खाली आणला. “हरवला असता तर सोपं होतं.”

सुकदेव त्या रात्री नीट जेवला नाही. पोलिसात जाऊन खोटं लिहून द्यायचं त्याच्याने होणार नव्हतं. राखणदार माणूस, त्यात वस्तू जवळ असताना ‘हरवली’ म्हणायचं! पण ती खरोखरच हरवली तर? मग खोटं बोलायचा प्रश्नच नव्हता. हा विचार त्याला इतका सरळ आणि स्वच्छ वाटला की त्याने तो घरात कोणाला सांगितलाही नाही.

सकाळी पलसाण्याला जाणाऱ्या एसटीत त्याने दाखला मांडीखाली ठेवला आणि आपला थांबा आल्यावर तो तसाच सीटवर सोडून उतरला. बस बारडोलीकडे निघून गेली. सुकदेवचे पाय मात्र जागचे हलेनात. ज्याने सोळा वर्षांत एक चिंधी गेटबाहेर जाऊ दिली नाही, त्याने पोटच्या पोरीचा दाखला वाऱ्यावर सोडला होता. दिवसभर त्याला गेटवर बसवेना. मग त्याने स्वतःलाच समजावलं, की हे सगळं तिच्याचसाठी आहे.

दिवेलागणीला दारात एक अनोळखी माणूस उभा होता. हातात दाखला.

“सुकदेवराव तुम्हीच का? म्या बारडोलीच्या साखर कारखान्यात असतो, लक्ष्मण म्हणतेत मला. मूळ गाव परभणीकडं. मोटारीत ह्यो दाखला घावला बगा. म्हनलं, पोरीच्या बापाचं काळीज कसं झालं असंल!” त्याने दाखला पुढे केला. “पत्ता व्हता म्हनून बरं. ड्यूटी सोडून आलो.”

सुकदेवचं काळीज जसं झालं होतं तसं सांगण्यासारखं नव्हतं. मंगलाबाईंनी चहा टाकला. लक्ष्मणने दोन कप घेतले आणि जाताना सांगून गेला, की कागद असा जपावा, ह्यो शिकन्यासारखा गुण हाय.

“तुमी बसमा ईसरनात? तुमी?” तो गेल्यावर मंगलाबाई नवऱ्याकडे बघत राहिल्या. सुकदेवने मान खाली घातली.

पुढल्या दिवशी त्याची सुट्टी होती. तो चालत तापीच्या पुलावर गेला, इकडेतिकडे पाहिलं, डोळे मिटले आणि दाखला सोडून दिला. डोळे उघडून पाहतो तर दाखला पाण्यावर पाठीवर पडून आकाशाकडे बघत निवांत चालला होता. बुडायचं त्याच्या मनातच नव्हतं. ऊन त्यावर असं चमकत होतं की काठावरचे धोबी हात थांबवून बघायला लागले.

तो घरी पोचतो न पोचतो तोच मागून एक मच्छीमार आला, गुडघ्यापर्यंत ओला.

“भाई, तमारी दीकरीनुं छे ने? तरतुं हतुं!” त्याने दाखला लुंगीला पुसला आणि दोन्ही हातांनी पुढे केला. “लो. एक अक्षर नथी गयुं!”

खरंच, एकही अक्षर गेलं नव्हतं. सुकदेव दाखल्याकडे आणि माणसाकडे आळीपाळीने बघत राहिला. त्याला आता भीती वाटेनाशी झाली होती, नुसतं नवल वाटत होतं. हे एवढं सुरत, लाखो माणसं कुठकुठून पोटासाठी आलेली, ज्याला त्याला आपली पडलेली. आणि त्याच्या पोरीचा कागद खाली पडला की कोणीतरी कामधंदा टाकून तो उचलतंच. आपण एकटेच पहाऱ्यावर आहोत असं त्याला सोळा वर्षं वाटत होतं. त्याचे डोळे भरून आले. मच्छीमाराला वाटलं, दाखला मिळाल्याच्या आनंदाने; आणि तेही अगदीच खोटं नव्हतं.

“साखर सरनी,” चहाचं रिकामं भांडं आपटत मंगलाबाई म्हणाल्या. “पानीमा बी ईसरनात का?”

आता सांगण्यावाचून गत्यंतर नव्हतं. सुकदेवने सगळं सांगितलं, बसचं, पुलाचं, सुपडूभाऊंचं. मंगलाबाईंनी कपाळाला हात लावला. सोनाली आधी चिडली, मग हसायला लागली, आणि हसता हसता रडायलाच लागली.

“अप्पा, तुम्हाला मुद्दाम हरवायलाही येत नाही. उद्या दोघं जाऊ आणि साहेबांना खरं काय ते सांगू. फार तर काय, नाही म्हणतील.”

‘नाही म्हणतील’ म्हणजे जागा जाईल, हे दोघांनाही कळत होतं. पाच दिवस उरले होते.

शिक्षण कचेरीतले साहेब वयस्क, सावकाश बोलणारे होते. सुकदेव ड्युटीवरून तसाच, खाकी कपड्यांत आला होता. त्याने शब्दापासून सुरुवात केली. दाखला, मग प्रिझर्व्ह, मग मुरंबा, मग राजाचं रान, आणि दोन हजार वर्षांपूर्वीचा पहारेकरी. शिपाई दारातून आत आला आणि आतच उभा राहिला. बस आणि तापीपर्यंत गोष्ट आली तेव्हा बाजूच्या टेबलावरचे दोन कारकूनही खुर्च्या वळवून बसले होते.

“ये शब्द मैं तीस साल से हर दाखले पे देखता हूँ,” साहेब तळाची ओळ पुन्हा वाचून म्हणाले. “कभी सोचा नहीं के अंदर वॉचमन बैठा है.”

त्यांनी पेन उघडलं आणि दाखला उलटा करून सही केली. सही थेंबाथेंबाने गोळा होऊन कडेला सरकली. शिक्का मारला, तो उठला, पण अंगठा लागताच पुसून गेला. त्यांनी दुसरं पेन घेतलं, तिसरं घेतलं.

“सुकदेवभाई, मेरा मन है, पर ये लेता नहीं है. बिना शिक्का कॉलेज मानेगा नहीं.” साहेबांनी टोपण लावलं. “कोई ऐसी स्याही होती जो किसी चीज से न जाए, तो बात अलग थी.”

सोनालीने वडिलांकडे पाहिलं. वडिलांकडे म्हणजे त्यांच्या खाकी खिशाकडे. तिथे, सोळा वर्षं जिथे असायचं तिथेच, लॉट नंबर टाकायचं काळं पेन खोचलेलं होतं.

“अप्पा,” ती म्हणाली, “ताक्यावरचा नंबर कशाने जातो?”

“कशानेच नाही,” सुकदेवच्या तोंडून सवयीने निघालं. “ताका उकळतात, ब्लीच करतात, रंगवतात, तीनदा धुतात. नंबर आहे तसा...” आणि तो थांबला. त्याचा हात खिशाकडे गेला. एवढे दिवस हे पेन त्याच्या छातीला चिकटून होतं. ते घेऊनच तो लॅबमध्ये गेला होता, ते घेऊनच एसटीतून उतरला होता.

साहेबांनी सही केली. काळी, ठसठशीत सही प्लास्टिकवर बसली. शिपायाने पेन उघडून कापसाचा बोळा आतल्या शाईत भिजवून शिक्क्यावर फिरवला आणि साहेबांनी उठून उभं राहून शिक्का मारला. थोडं थांबून शिपायाने ओला फडका घासला, मग थुंकी लावून घासलं, मग नखाने खरवडलं. शिक्का हसत होता. साहेबांच्या अंगठ्यावर त्या कचेरीचं अर्धं नाव उमटलं, तेवढं मात्र त्यांना दिवाळीपर्यंत पुरलं असावं.

अठ्ठावीस तारखेला बापलेक जळगावला पोचले. कॉलेजच्या खिडकीत सरलाबाई नावाच्या कारकून होत्या. त्यांनी दाखला उलटसुलट पाहिला, शिक्का वाचला, मान डोलावली आणि बाजूचं भोकं पाडायचं यंत्र ओढलं.

“अहो बाई, काय करता?” सुकदेव ओरडला.

“फायलीला लावते. मूळ दाखला जमा होतो ना.”

“परत कधी मिळणार?”

“परत?” सरलाबाईंना प्रश्नच कळला नाही. “दाखला कॉलेजातच राहतो. ती जाईल तेव्हा कॉलेज आपला नवा देईल. हा काही परत नसतो मिळत.”

त्यांनी यंत्रावर दोन्ही हातांनी जोर दिला. प्लास्टिकने जरा हुज्जत घातली, मग कडकन आवाज झाला. एक भोक नेमकं चिठ्ठीतल्या खोली नंबरातून आरपार गेलं. शंभर वर्षं टिकणारा, बुडत नाही, जळत नाही, हरवत नाही असा तो दाखला फायलीत गेला, फाईल कपाटात गेली आणि कपाटाला कुलूप लागलं. सुकदेवने सवयीने कुलूप ओढून पाहावं म्हणून हात पुढे केला, पण मध्ये खिडकीचे गज होते.

त्याला एकदम रिकामं वाटलं. मग त्याला कळलं, की हे दाखल्याचं नव्हतं. सोनालीची पत्र्याची पेटी वसतिगृहाच्या दारात ठेवली होती आणि परतीच्या गाडीला तासच उरला होता.

तो पेटीजवळ उकिडवा बसला, खिशातून काळं पेन काढलं आणि झाकणावर मोठ्या अक्षरांत लिहायला लागला. नाव, गल्ली, खोली नंबर, लिंबायत, सुरत.

“अप्पा, मी काही हरवणार नाही,” सोनाली म्हणाली.

“माले माहित शे. पन पत्ता लिखेल व्हई तं लोके आनी देतस,” तो म्हणाला, आणि पेनाचं टोपण लावायला त्याला बराच वेळ लागला.

महिन्याभराने तिचं पोस्टकार्ड आलं. अभ्यास चालू आहे, जेवण बरं आहे. ‘पेटीवर काही लिहायचं नाही असा इथे नियम आहे, म्हणून वसतिगृहाच्या बाईंनी पत्ता पुसायला सांगितला. साबण, रॉकेल, राख, सगळं करून पाहिलं. आता बाईंनी नाद सोडला आहे. पत्ता गेला नाही, अप्पा.’

मंगलाबाई म्हणाल्या, “आते हाई बी नेशात का त्या मशीनमा?”

सुकदेवने नाही म्हणून मान हलवली, पोस्टकार्डाची मधोमध घडी घातली आणि ते काळ्या पेनाशेजारी खिशात ठेवलं. गेटवर बसल्या बसल्या दिवसातून चारदा तो ते काढायचा, वाचायचा, परत ठेवायचा. दिवाळीपर्यंत त्याची घडी झिजून कार्डाचे दोन तुकडे झाले, पण तोवर सोनाली सुट्टीला घरी आली होती.